आधी औषध, मग अर्ज : लैंगिक अत्याचारानंतर सोबत जाणाऱ्यांसाठी

लैंगिक अत्याचाराची गोष्ट पोलीस स्थानकात पोहोचण्याआधी कुणाच्या तरी कानावर पडलेली असते. ती स्वयंसहाय्य गटातली बाई असेल, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, वॉर्डाचा पंच किंवा शेजारीण असेल. हा लेख त्यांच्यासाठी आहे. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात अशी वेळ आली, तर पुढच्या काही तासांत आणि नंतरच्या काही महिन्यांत नेमके काय करायचे, ते इथे सांगितले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. औषधोपचाराला घाई आहे, तक्रारीला तेवढी नाही. तक्रार लवकर झाली तर पुरावा चांगला मिळतो, हे खरेच. पण बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही, आणि गोळ्यांना मात्र आहे. नवखी माणसे नेमके उलटे करतात. तिला आधी पोलीस स्थानकात नेतात, तिथे चार-पाच तास जातात, आणि दवाखाना दुसऱ्या दिवसावर जातो.

पहिला अर्धा तास

तिला दार बंद करता येईल अशा जागी बसवा. पाणी देण्याआधी थांबा (कारण पुढे येते). तीनच प्रश्न विचारा : आत्ता तू सुरक्षित आहेस का? कुठे दुखते आहे, रक्त जाते आहे का? हे कधी घडले? तिसरा प्रश्न चौकशीसाठी नाही. किती तास उलटले यावर पुढची औषधे ठरतात.

गळा दाबला होता का, हेही विचारा. दाबला असेल आणि आवाज बसला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा मध्येच चक्कर आली असेल, तर मानेवर वळ नसला तरी १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. बाहेरून काही न दिसता आत सूज वाढत जाते आणि काही तासांनी श्वास अडतो.

‘तू तिथे गेलीस कशाला’, ‘ओरडली का नाहीस’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे प्रश्न विचारू नका, काळजीच्या सुरातही नकोत. भीतीने शरीर थिजते, ओरडता येत नाही, हे डॉक्टरांना माहीत आहे. कायद्यानेही अंगाने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असे धरत नाहीत. तुम्ही एवढेच म्हणा : ‘बाय, तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आता काय करायचं ते तू ठरव, मी सोबत आहे.’ आणि खरोखरच तिला ठरवू द्या. आधी कुठे जायचे, कुणाला कळवायचे, सोबत कोण हवे, असे लहान निर्णयसुद्धा तिच्याकडेच राहिले पाहिजेत. तिच्या इच्छेविरुद्ध एवढे घडून गेल्यावर आपणही तिला हाताला धरून कुठेतरी नेऊ लागलो, तर ती दुसऱ्या दिवशी आपला फोन उचलणार नाही.

‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. ती १८ वर्षांखालची असेल तर ते तुम्हाला पाळताच येणार नाही. मुलांच्या बाबतीतले वेगळे नियम पुढे दिले आहेत.

घरी परतल्यावर वहीत तारीख, वेळ आणि तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. तुमचा अंदाज, तुमचा संताप त्यात नको. सगळ्यात आधी जिला सांगितले ती व्यक्ती म्हणून न्यायालय तुम्हाला साक्षीला बोलावू शकते, आणि दोन वर्षांनी आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी

आंघोळ, कपडे बदलणे, दात घासणे, गुळण्या हे जमले तर थांबवा. तोंडाचा संबंध आला असेल तर तोंडातले नमुने घेईपर्यंत पाणीही नको, पण तिला सहन होत नसेल तर अडवू नका. आंघोळ आधीच झाली असली तरी सगळे संपले असे समजू नका. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात, आणि जखमांची नोंद त्यानंतरही होते.

पेयात काहीतरी मिसळल्याचा संशय असेल, म्हणजे दोन घोटांतच शुद्ध हरपली, मधला वेळ आठवत नाही, तर पहिली लघवी महत्त्वाची. गुंगीची काही औषधे शरीरातून झपाट्याने निघून जातात. लघवी आवरत नसेल तर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत धरा, वर वेळ लिहा आणि डॉक्टरांच्या हाती द्या. किनारपट्टीवरच्या शॅकमध्ये, पार्टीत किंवा हॉटेलच्या खोलीत घडलेल्या प्रकारांत हा पुरावा हमखास निसटतो, कारण सकाळी उठल्यावर ती आधी न्हाणीघरात जाते.

अंगावरचे कपडे बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घाला. प्लास्टिक नको. गोव्याच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, ओला कपडा प्लास्टिकमध्ये एका रात्रीत बुरसतो आणि त्यावरचे डाग तपासणीच्या कामाचे राहत नाहीत. कपडा ओला असेल तर घरात सावलीत वाळू द्या. झटकू नका, धुऊ नका, डाग पडला तिथे घडी घालू नका.

सोबत न्यायच्या पिशवीत हे असू द्या : आतल्या कपड्यांसह एक पूर्ण जोड (अंगावरचे कपडे तपासणीत ठेवून घेतात), सॅनिटरी पॅड, टॉवेल, चपला, तिचे ओळखपत्र असल्यास, मोबाईलचा चार्जर, थोडे सुटे पैसे, बिस्किटे. ओळखपत्र नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका, उपचारासाठी ते लागत नाही.

इस्पितळात

बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ), म्हापशातले उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ (जुने लोक अजून आझिलोच म्हणतात) आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ ही मुख्य ठिकाणे. फोंड्यालाही उपजिल्हा इस्पितळ आहे. वाळपई, सांगे, केपे यांसारख्या ठिकाणाहून निघत असाल तर आधी फोन करून एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या आणि स्त्री डॉक्टर दोन्ही आहेत का, ते विचारा. लहान केंद्रात प्राथमिक उपचार मिळतील, पण तिथून पुन्हा मोठ्या इस्पितळात पाठवण्यात वेळ जातो.

पोलिसांची चिठ्ठी लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाने अशा व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. तसे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते, आणि उपचार नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. केसपेपरच्या खिडकीपाशी, सगळ्या रांगेसमोर, काय झाले ते सांगू नका. ‘मेडिको-लीगल केस आहे, ड्युटीवरच्या डॉक्टरांना भेटायचं आहे’ एवढे पुरे.

इस्पितळ पोलिसांना कळवेल, ते त्यांना बंधनकारक आहे. पण पोलीस आले म्हणजे सज्ञान बाईने तक्रार दिलीच पाहिजे असे नाही. तिला नको असेल तर डॉक्टर तसा नकार कागदावर नोंदवतात आणि उपचार चालू राहतात. तपासणीच्या प्रत्येक भागाला तिची वेगळी संमती लागते. उपचाराला हो, अंतर्गत तपासणीला नाही, असेही तिला म्हणता येते. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी ते मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवायला सांगा.

आता औषधे. गर्भधारणा रोखणारी गोळी (लिव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकदाच) ७२ तासांच्या आत घ्यावी, जितकी लवकर तितकी चांगली. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते, म्हणून नर्सला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक उपचारही ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवा, आणि तो २८ दिवस चालतो. अर्धवट सोडणाऱ्या पुष्कळ असतात, कारण मळमळते आणि घरी ‘या कसल्या गोळ्या?’ असे विचारले जाते. तेव्हा गोळ्या कुठे ठेवायच्या, कधी घ्यायच्या, विचारले तर काय सांगायचे, हे इस्पितळातून निघण्याआधीच तिच्याशी बोलून ठरवा. त्याशिवाय गुप्तरोगांची औषधे, हिपॅटायटिस बी ची लस (तीन मात्रा) आणि जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन. पाळी चुकली तर गर्भचाचणी करायची, आणि एचआयव्हीची चाचणी सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी पुन्हा. या तारखा तुम्हीच कॅलेंडरवर लिहा, तिच्या डोक्यात त्या राहणार नाहीत.

दोन बोटांची चाचणी कुणी करत असेल तर तिथेच थांबवा. ती वैज्ञानिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले होते, आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरवर गैरवर्तनाचा ठपका बसेल असे बजावले. अहवालात ‘संभोगाची सवय’ अशा अर्थाचा शेराही चालत नाही. अंगावर जखम नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही असा अर्थ होत नाही, आणि डॉक्टरने तसा निष्कर्ष लिहायचाही नसतो.

गर्भ राहिलाच तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, त्यापुढे दोघांचे. २४ ओलांडले की प्रकरण उच्च न्यायालयाच्या पर्वरीतील गोवा खंडपीठापुढे न्यावे लागू शकते, म्हणून दिवस मोजत राहा. गुन्हा नोंद झालेला असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी राखायचा, हे डॉक्टर आणि तपास अधिकारी दोघांनाही आधी सांगा. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो. अशी चूक खरेच होते, आणि ती सुधारायला दुसरी संधी नसते.

पोलीस स्थानकात

पणजीत महिला पोलीस स्थानक आहे, पण तिथेच जायला हवे असे नाही. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कुठलेही पोलीस स्थानक ‘शून्य एफआयआर’ नोंदवून पुढे पाठवते. कळंगुटला काम करणारी सावंतवाडीची मुलगी घरी परतल्यावर सावंतवाडीतही तक्रार देऊ शकते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नाही.

जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा. बलात्काराच्या प्रकरणात तो तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा तिथली सामाजिक कार्यकर्ती यांच्या उपस्थितीत घ्यावा, असे कायदा म्हणतो. तुम्ही त्या कार्यकर्तीच्या नात्याने बसू शकता. तुमचे काम गप्प बसण्याचे आहे. ती अडखळली म्हणून तुम्ही वाक्य पूर्ण केलेत, की ते तुमचे वाक्य झाले, आणि उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमके त्याच वाक्यावर बोट ठेवतो. तिला बोलता किंवा ऐकू येत नसेल, मानसिक अपंगत्व असेल, तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक बोलावून जबाब घ्यावा लागतो आणि त्याचे चित्रीकरण होते. कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या मजूर कुटुंबासाठीही दुभाषा मागा. मुकादमाला किंवा घरमालकाला दुभाषा करू नका.

गोव्यात एफआयआर बहुधा इंग्रजीत टाइप होतो. खरी गफलत इथे होते. ती सांगते मराठीत, शिपाई समजतो कोकणीत, कागदावर उतरते इंग्रजीत. या प्रवासात ‘ओढलं’चे ‘नेलं’ होते आणि जबरदस्ती सहज गळून पडते. म्हणून सहीआधी प्रत्येक वाक्य तिला तिच्या भाषेत परत सांगायला लावा. तारीख, वेळ, जागा, आरोपीचे नाव किंवा वर्णन आणि नेमकी कृती एवढे बरोबर आहे का ते पाहा. काही आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असेच लिहू द्या. अंदाजाने भरलेली वेळ पुढे खोटेपणाचा पुरावा म्हणून मांडली जाते. तक्रारीला उशीर झाला असेल तर त्याचे कारण तिच्याच शब्दांत एफआयआरमध्ये यायला हवे : धमकी होती, नवरा परगावी होता, लाज वाटली, काहीही असो.

एफआयआरची प्रत मोफत मिळते, तिथेच मागून घ्या. नोंदवायला नकार दिला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्काराची खबर नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आहे. हे कलम सौम्य आवाजात उच्चारलेले बरे. पहिल्या पाच मिनिटांत भांडण काढू नका, पुढचे वर्षभर त्याच माणसांकडे जायचे असते.

दुसऱ्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला एक लेखी अर्ज द्या : अमुक हॉटेल, बार, पेट्रोल पंप किंवा बसस्थानकावरचे सीसीटीव्ही चित्रण आणि हॉटेलची पाहुणे-नोंद ताब्यात घ्यावी. बहुतेक यंत्रे काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढवतात. हॉटेलवाल्याला तुम्ही स्वतः जाऊन विचारू नका, तो सावध होतो.

यानंतर दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो, शक्यतो स्त्री दंडाधिकाऱ्यांपुढे. त्या खोलीत तुम्हाला बसू देतीलच असे नाही, हे तिला आधी सांगून ठेवा. बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि ९० दिवसांच्या आत प्रगती कळवायची असते. कळवले नाही तर तुम्हीच विचारा, लेखी.

१८ वर्षांखालील असेल तर

इथे निवड उरत नाही. पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायचे, न कळवणे हा गुन्हा. मुलगा असो वा मुलगी, कायदा एकच. पण किती विचारायचे याला मर्यादा आहे : कोण, कुठे, आता सुरक्षित आहे का, बस्स. बाकीचे प्रशिक्षित माणसाला विचारू द्या. शाळेत मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, समुपदेशक आणि मग पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष असे एकामागून एक सगळे त्या मुलीला तेच विचारतात, आणि पोलीस येईपर्यंत तिच्या सांगण्याच्या चार आवृत्त्या तयार झालेल्या असतात.

जबाब घेणारी अधिकारी उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची स्त्री असावी, गणवेशात नसावी. मुलाला रात्री पोलीस स्थानकात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते. पोलीस २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवतात, आणि समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ती मागून घ्या. गोव्याचा स्वतःचा २००३ चा बालक कायदा आहे. त्याखाली बाल न्यायालय आहे, आणि ‘व्हिक्टिम असिस्टन्स युनिट’ नावाचा कक्ष पोलीस, इस्पितळ आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी मुलाला साथ देतो. याच कायद्याने कुटुंबाबरोबर किंवा नातेवाईकांबरोबर नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत येऊ देणे हॉटेलवाल्याच्या अंगाशी येते. किनारपट्टीवर काम करणाऱ्यांनी हे कलम तोंडपाठ ठेवावे.

आरोपी घरातलाच असेल तर मुलाला घरी परत पाठवण्याआधी समितीला तसे स्पष्ट सांगा. ‘आई लक्ष ठेवीन म्हणते’ यावर विसंबू नका. आईचे पोटही त्याच माणसाच्या कमाईवर असू शकते.

मोबाईलमधले

चॅट, फोटो, कॉलची नोंद काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोन जपा, कारण न्यायालयात मूळ साधन आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. आरोपीला ब्लॉक करण्याआधी सगळे जतन झाले आहे ना, ते पाहा. अश्लील चित्रफीत ‘पुरावा म्हणून’ स्वतःच्या फोनवर मागवू नका, कुणाला पाठवू तर मुळीच नका. मुलाची असेल तर ती नुसती बाळगणेही गुन्हा ठरते. १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा.

वाड्यावरचा दबाव

गाव लहान, सगळे सगळ्यांचे पाहुणे. दोन दिवसांत कुणीतरी येतो : ‘मिटवून टाका’, ‘लग्न लावून देऊ’, ‘मुलीचंच नाव खराब होईल’. येणारा बहुधा मानाचा माणूस असतो, म्हणून घरचे नरमतात. त्यांना एवढेच सांगा की हा गुन्हा आपापसात मिटवता येत नाही, आणि तसा दबाव आणल्याची नोंद पोलिसांत होऊ शकते. धमकी आली तर तारीख-वेळ लिहा आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा.

तिची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. नाव न लिहिणे पुरेसे नाही. ‘अमुक वाड्यावरच्या, बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलीवर’ असे लिहिले की साऱ्या तालुक्याला कळते. निषेध मोर्चाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात हे सर्रास होते, तेही चांगल्या हेतूने. खुद्द न्यायालयाकडूनही असे घडते : २०२१ मध्ये म्हापशातील सत्र न्यायालयाच्या एका निकालपत्रातले ओळख पटवणारे तपशील काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता.

राहायला जागा नसेल तर १८१ वर फोन करून सखी वन स्टॉप सेंटर गाठा. तिथे पाच दिवसांपर्यंत निवारा, समुपदेशन आणि वकिलाचा सल्ला एकाच छताखाली मिळतो. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, मन सैरभैर झाले असेल तर टेली-मानस १४४१६. बांबोळीची मनोरुग्ण संस्था, आयपीएचबी, इथेही उपचार होतात. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून घरचे बिचकतात, तेव्हा पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा. झोप उडणे, दचकणे, एकदम रागावणे किंवा काहीच न वाटणे, यातले काहीही होऊ शकते. जगणे नकोसे झाल्याचे बोलली तर तिला एकटी सोडू नका.

अत्याचार कामाच्या ठिकाणी झाला असेल तर पोलिसांखेरीज दुसरी वाटही आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या हॉटेल, कॅसिनो, कारखान्यात अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागी आणि घरकामगारांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, हे बहुतेकींना कुणी सांगत नाही.

न्यायालय आणि पैसे

उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला आणि मुलाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००. खटला सरकारी वकील चालवतो, तुमचा वकील न्यायालयाच्या परवानगीने त्याला मदत करतो. नुकसानभरपाईचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख रुपये धरले आहेत, आणि अंतरिम रक्कमही मागता येते. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. बँक खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे, भावाच्या किंवा नवऱ्याच्या नको.

साक्षीच्या आधी तिला एकदा रिकामे न्यायालय दाखवून आणा : कोण कुठे बसतो, आरोपी कुठे उभा राहील, पाणी कुठे मिळेल. तिचा जबाब तिला वाचायला द्या, पण उत्तरे पढवू नका. सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्या पूर्वायुष्याबद्दल विचारता येत नाही. विचारलेच तर सरकारी वकिलाने हरकत घ्यायची, हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. आरोपीसमोर बोलणे जमणार नसेल तर पडदा किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सची मागणी साक्षीच्या तारखेआधी लेखी करा. तारीख पुढे गेल्याचे दाराशी पोहोचल्यावर कळते, म्हणून निघण्याआधी सकाळी सरकारी वकिलांच्या कार्यालयात फोन करा. आरोपी सुटला तर तिला स्वतःला अपील करता येते. त्यासाठी निकालाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.